मावशीच्या मापाचा वॉकर

काका न्हाणीघरात पडले आणि पडल्या पडल्या त्यांनी पहिली गोष्ट काय केली, तर नळाला शिव्या घातल्या. नळ म्हणे हातात आला. पडलो तरी नाक वर! मोठ्या कचेरीतले मोठे साहेब होते ना. साहेब घसरत नसतात.

त्यांची बायको म्हणजे माझी मावशी. सत्तरी ओलांडलेली, पण भरली पिशवी घेऊन एका दमात जिने चढणारी. पुढच्याच आठवड्यात काकांचा मला फोन. "तुझ्या मावशीचं आता वय झालं. तिच्यासाठी वॉकर वगैरे बघू. गाडी घेऊन ये."

दुकानात काका दारापासून काउंटरपर्यंत माझा खांदा धरून आले. तिथल्या बाईंनी विचारलं, "कोणासाठी हवंय?"

"हिच्यासाठी," काउंटरला रेलत काका म्हणाले. "गुडघे गेलेत हिचे."

बाईंनी मावशीला खुर्चीत बसून उठायला सांगितलं. ती हात न टेकता टुणकन उठली. बाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग काकांकडे.

"नाही, जे वापरणार त्यांच्याच मापाचा लागतो, म्हणून विचारतेय..."

"माझंच माप घ्या," मावशी थंडपणे म्हणाली. "ह्यांनी सांगितलंय ना."

मावशी काकांच्या खांद्यालाही लागत नाही. वॉकर तिच्या मनगटाच्या उंचीला बसवला. कमोडशेजारचा आधाराचा दांडाही तिच्याच मापाने भिंतीत ठोकला. काका जाणकारासारखे मान डोलावत होते.

"खरं सांगायचंस ना," मी जिन्यात कुजबुजले.

"कोणाला? ह्या माणसाला चष्मा लागला, तेव्हा वर्तमानपत्राची छपाई बिघडली होती."

काका वॉकर घेऊन विळ्यासारखे वाकून चालू लागले. बेल वाजली की तोच वॉकर मावशीपुढे ढकलायचे. "हिचा आहे." लोक तिला दुखणं विचारायचे, तेलं सुचवायचे. ती सगळं ऐकून घ्यायची आणि तरातरा चहा ठेवायला जायची.

एका रविवारी कचेरीतली जुनी मंडळी आली. मीही होते. काकांनी मावशीच्या गुडघ्यांचं पाल्हाळ लावलं. "काय सांगू, माझ्या आधाराशिवाय उठवत नाही हिला." मग ते भिंत धरत आत गेले. बराच वेळ झाला. शेवटी हाक आली.

"अगं ए! उठता येत नाहीये मला! हा दांडा फार खाली आहे!"

मी उठायला लागले, तर मावशीने माझा हात दाबला. पाहुण्यांपुढे बिस्किटांची बशी सरकवत म्हणाली, "तुमच्यापैकीच कोणी जाता का? माझे गुडघे गेलेत. आत्ताच सांगत होते ना हे."

एकेकाळी ज्यांना काकांनी केबिनबाहेर ताटकळत ठेवलं, त्यातल्या दोघांनी बगलेत हात घालून साहेबांना उभं केलं. नंतर चहा कोणाच्याच घशाखाली नीट उतरला नाही. मावशीचा उतरला.

दुसऱ्या दिवशी तिने कारागिराला बोलावलं. काका मुकाट्याने भिंतीशी उभे राहिले. दांडा वर गेला, वॉकरही उंच झाला. आता ते ताठ चालतात. मावशीशी मात्र बोलत नाहीत. तिने चारचौघांत अब्रू घालवली म्हणे.

"वाईट नाही वाटत गं?" मी विचारलं.

"कसलं? पुन्हा पडले असते तर डोकं फुटलं असतं," मावशी म्हणाली. "आणि खापर फरशीवर फोडलं असतं."