फळीचं नाक

“एग्या, ते उकळतंय!” मान्सा ओरडली तेव्हा आबेकूचा ब्रश अजून हातातच होता.

खडकावर आपटून तिच्या सर्फबोर्डच्या टोकाला पडलेली भेग त्याने मोठ्या ऐटीत रेझिनने भरली होती. आता तिथून बुडबुडे येत होते. बघता बघता आतला पांढरा गाभा विरघळला आणि बोट जाईल एवढ्या भेगेचं मूठ जाईल एवढं भगदाड झालं. गावात बापाच्या वयाच्या माणसाला एग्या म्हणतात आणि त्याच्यापुढे तोंड उघडत नाहीत. तरी मान्साने सकाळी उघडलं होतं. “ही फळी नेहमीची नाही, हिच्या आत थर्माकोल आहे,” असं तिने सांगितलं होतं. “आता तू मला फळ्या शिकवणार?” म्हणून आबेकूने तिला गप्प बसवलं होतं.

त्यात मंगळवार. मंगळवारी समुद्र विसावा घेतो, त्या दिवशी कुणी पाण्यात पाऊल घालत नाही. त्यामुळे गावातले झाडून सगळे पुरुष वाळूवर जाळी दुरुस्त करत बसले होते, आणि सगळ्यांनी हा सोहळा डोळे भरून पाहिला.

“आबेकू, रस्सा मस्त शिजलाय रे!” त्यांच्यातला बादू म्हणाला. “मक्याची केंकी आणू का बुडवून खायला?”

हशा पिकला. आबेकूने मान वर केली नाही. उभा जन्म त्याने होड्या दुरुस्त केल्या. पुढे पोरं फळ्यांवर उभी राहून लाटा कापायला लागली, तसा तो फळ्याही दुरुस्त करू लागला, आणि खरं सांगायचं तर त्याच्या डोक्यात हवा गेली होती.

पण आज प्रश्न त्याच्या नाकाचा नव्हता. किनाऱ्याच्या त्या टोकाला लाटांवर उभं राहायला शिकवणारी शाळा होती आणि उद्या सकाळी तिथे नवी शिक्षिका निवडायची होती. येणारीने स्वतःची फळी आणायची, अशी अट. निवड झाली नाही, तर मान्साची आई टेचिवा तिला परवाच्या बसने समुद्रापासून लांब, कुमासीला मावशीकडे पाठवणार होती, शिवण शिकायला. टेचिवाचा नवरा समुद्रात गेला तो परत आला नव्हता. तेव्हापासून ती मासे धुरावर वाळवायला बसायची तीसुद्धा समुद्राकडे पाठ करून. मुलीला ही एक संधी तिने कशीबशी दिली होती.

मान्सा रडली नाही. भगदाडाकडे बघत म्हणाली, “बरं झालं. आईचं काम सोपं झालं.”

ते आबेकूच्या काळजात रुतलं. तो उठून उभा राहिला.

“माझं चुकलं, पोरी,” तो सगळ्यांच्या देखत म्हणाला. जाळ्यांवरचे हात थांबले. पांढऱ्या केसांच्या माणसाने कालच्या पोरीला असं म्हणावं, हे त्या वाळूवर कुणी ऐकलं नव्हतं. “आता तू सांग. थर्माकोलला काय चालतं?”

मान्साने आधी बादूकडे पाहिलं, मग आबेकूकडे. “सुताराचा पांढरा गोंद चालतो. तो खात नाही त्याला. पण एवढ्या मोठ्या भोकात भरायचं काय?”

आबेकूची नजर ओळीने लावलेल्या होड्यांवर गेली. वावा झाडाचं लाकूड. हलकं, सरळ, पाण्याला न भिणारं. पण कोरडा तुकडा आज कुठून आणायचा?

बादू कुरकुरत उठला, आपल्या नव्या होडीपाशी गेला आणि एक गुळगुळीत फळकूट घेऊन आला.

“घे. माझी बसायची जागा आहे. दुसरी होईपर्यंत उभ्याने वल्हवीन. घरी तरी कुठे बसायला मिळतं?”

मग दिवसभर काम चाललं. आबेकूने विरघळलेला भाग कापून काढला आणि वाकसाने वावाचा तुकडा तासत तासत त्याला फळीच्या नाकाचा आकार दिला. मान्साने गोंद लावला. सायकलच्या जुन्या ट्यूबने घट्ट बांधून ते उन्हात ठेवलं. वाळल्यावर उघड्या थर्माकोलवर गोंदाचे आणखी हात दिले, म्हणजे रेझिन आत पोचू नये. शेवटी काचेच्या धाग्यांचं कापड पसरलं आणि आबेकूने ब्रश उचलला. मग तो मान्सापुढे धरला.

“तू लाव,” तो म्हणाला.

मान्साने लावलं. आजूबाजूचे सगळे कान देऊन वाकले. बुडबुडा नाही, आवाज नाही.

“शिजत नाहीये,” बादू कुजबुजला. या वेळी कुणी हसलं नाही.

ऊन कललं तोवर रेझिन कडक झालं होतं. मान्सा म्हणाली, “एग्या, एकदाच पाण्यात घालून बघू? गुडघाभरच.”

“मंगळवार आहे.”

“मग बुडतंय की तरतंय, कळायचं कसं?”

“उद्याच कळेल. नाक जड झालंय. उभी राहशील तेव्हा वीतभर मागे राहा.” एवढंच त्याला सांगता आलं. रात्री त्याला जेवण गेलं नाही.

बुधवारी उजाडताच होड्या गेल्या. शाळेच्या बाई वाळूवर उभ्या होत्या. टेचिवाही आली होती. पोरीला घरी न्यायला आलेय, असं तिने आबेकूला सांगितलं, पण उभी राहिली ती समुद्राकडे तोंड करून.

पहिल्या लाटेला फळीचं नाक खाली गेलं आणि मान्सा दिसेनाशी झाली. टेचिवाने आबेकूचं मनगट पकडलं. नखं रुतली, तरी तो हलला नाही. मान्साचं डोकं वर आलं. तिने फळी ओढून घेतली आणि पुन्हा आत गेली. या वेळी ती मागे सरकून उभी राहिली, आणि लाटेने तिला थेट वाळूपर्यंत आणून सोडलं. त्यानंतर तिने किती लाटा घेतल्या, ते आबेकूला आठवत नाही. डोळ्यांत पाणी आल्यावर माणूस मोजत बसत नाही.

शेवटी ती बाईंशी बोलून फळी ओढत धावत आली. “उद्यापासून ये म्हणाल्या! आई, उद्यापासून!”

टेचिवा वाकली. तिने वावाच्या नाकावर बोटाच्या पेराने टकटक केलं.

“पाणी शिरेल यातून?” तिने आबेकूला विचारलं.

“आत्ता तरी नाही. शिरलंच तर मी आहे, आणि ही आहे.”

टेचिवाने कमरेचं वरचं फडकं सोडलं, पिळून त्याची चुंबळ केली आणि डोक्यावर ठेवली.

“द्या उचलून.”

“मी नेते ना, आई.”

“द्या म्हटलं ना.”

दोघांनी फळी उचलून तिच्या डोक्यावर आडवी ठेवली. ती एका बाजूला कलली.

“नाकाकडून जड आहे गं,” टेचिवा म्हणाली. तिने फळी जराशी सरकवली, तोल जमल्यावर दोन्ही हात खाली सोडले आणि घराकडे चालू लागली.