बर्फावर गेलेला पिवळा रेनकोट

मी एक रेनकोट बोलतोय. वर कोट, खाली पँट, असा जोडीचा. रंग पिवळाजर्द, लांबून दिसावा म्हणून दिलेला. तो इतक्या लांबून दिसेल असं मात्र मला बनवणाऱ्यांनाही वाटलं नसेल.

माझा जन्म एका पत्र्याच्या शेडात झाला. प्लॅस्टिकच्या ताग्यातून मला कापलं, कडा तापवून चिकटवल्या, बटणं ठोकली आणि घडी घालून पिशवीत कोंबलं. तिथून कोल्हापुरात अण्णासोंच्या दुकानात आलो. राधानगरीकडं दूध गोळा करणाऱ्या एखाद्या गड्याच्या अंगावर जावं, धो धो पावसात मोटारसायकलवरून हिंडावं, एवढीच माझी इच्छा होती. पण तो पावसाळा गिऱ्हाईक न लागताच गेला. दिवाळी झाली आणि अण्णासोंनी मला माळ्यावर टाकलं.

ऐन थंडीत एका दुपारी मला खाली काढलं. समोर बाळासो उभे. उद्यमनगरात त्यांचं मशीनशॉप. खिसा भरलेला, आवाज त्याहून भरलेला. शेजारी त्यांची बायको वर्षाराणी.

"अण्णासो, मनालीला चाललोय आमी. स्कीइंग करायला," बाळासो एवढ्या मोठ्यानं म्हणाले की पलीकडच्या दुकानातली माणसंही वळून बघायला लागली. "बर्फात घालायचं कपडं दाखवा. स्वस्तात."

"बर्फाचं कपडं माझ्याकडं कुठलं, बाळासो? सुताचं बनियन हाय, रेनकोट हाय."

"मग द्या की रेनकोट! बर्फ म्हंजे काय वो? गोठलेला पाऊसच. आणि पावसाचं आमाला कोण शिकवणार? आजोळ गगनबावड्याचं हाय माझं."

वर्षाराणी हळूच म्हणाली, "अहो, मी व्हिडिओ बघितलाय. आतला घाम भाईर जाईल असलं कापड लागतंय म्हणं..."

"घाम? बर्फात घाम येतोय व्हय?" बाळासो खो खो हसले. अण्णासोही हसले, पण गिऱ्हाईक हसतंय म्हणून.

मग माझी परीक्षा झाली. तांब्याभर पाणी माझ्यावर ओतलं. थेंब आत गेला नाही. "बघितलंस?" बाळासो बायकोला म्हणाले, "पाणी जाईना, तर थंडी कुठनं जाणार?" मी पास झालो. मला त्या वेळी अभिमानही वाटला. सवलतीत विकल्या जाणाऱ्या मालाला कुणी चांगलं म्हटलं की बरं वाटतंच.

बाळासोंसाठी माझाच निळा भाऊ घेतला. बाकीचं सामान घरातून निघालं. हातमोजे कारखान्यातले, भट्टीपुढं घालायचे. "भट्टीफुडं टिकत्यात, बर्फाफुडं टिकणार न्हाईत व्हय?" गॉगल वेल्डिंगचा. बूट गोठ्यातले, गुडघ्यापर्यंतचे, रबरी.

तुम्ही म्हणाल, गरीब असेल बिचारा. छे हो. निघायच्या आधी बाळासोंनी दोस्तांना मटणाचं जेवण दिलं, मनालीला चाललोय हे सांगायला. त्या जेवणावळीच्या खर्चात दोघांचे बर्फाचे चांगले सूट आले असते. पण सूट घालायचा तिकडं लांब, गावातलं कोण बघणार, आणि जेवण चार माणसांत गाजतं. माणसं पैसा कुठं सोडतात आणि कुठं धरतात, हे मी त्यांच्या घरात खुंटीवर लटकून पुष्कळ बघितलं.

त्याच खुंटीवरून मला दुसरीही एक गोष्ट दिसली. भाकरी थापता थापता वर्षाराणी गुडघे वाकवून उभी राहायची. अंग थोडं पुढं झुकवायचं, मग वजन एकदा डाव्या पायावर, एकदा उजव्या. तव्यावर भाकरी फुगलेली, आणि ही बाई मनातल्या मनात डोंगर उतरतेय. मलकापूरच्या शाळेत ती खो-खो खेळायची, जिल्ह्यापर्यंत गेलती. लग्नानंतर ते पाय चुलीपासून गोठ्यापर्यंतच धावले.

ही सहल ठरवली होती तिच्या धाकट्या भावानं, पुण्याच्या अमरसिंहनं. बहिणीसाठी दोन दिवसांची शिकवणीही त्यानंच लावली. फोनवर तो म्हणाला होता, "अक्का, तुझ्या पायात अजून खेळ हाय. दाजी, कपडं मी घेतो दोघास्नी."

"मेव्हण्याच्या पैशानं अंग झाकायची येळ अजून आली न्हाई," दाजी म्हणाले. म्हणून मी.

तर पोचलो आम्ही मनालीला. अमरसिंह काळ्या रंगाच्या झोकदार सूटमध्ये. त्यानं मला बघितलं, बहिणीला बघितलं आणि ओठ दाबून धरले. बाळासोंनी मात्र त्याच्या सूटचं कापड चिमटीत धरून बघितलं. "पातळ हाय रं. गारठशील."

वर्षाराणीच्या अंगात तीन स्वेटर, त्यावर मी. ती चालली की माझा आवाज व्हायचा, कुणी वाळलेला पापड मोडावा तसा. थंडीनं मी इतका ताठ झालो की तिला हात खाली करता येईनात. शिकवणारा पोरगा तिथलाच, पहाडी. त्यानं माझी बाही बोटानं वाजवून बघितली.

"भाभीजी, ये तो बारिश का है."

"हाँ हाँ, वाटरप्रूफ है!" बाळासो मागून ओरडले. "एक थेंब अंदर नहीं जायेगा!"

पायात स्कीच्या लांब पट्ट्या बांधून वर्षाराणी उभी राहिली. चार पावलं सरकली. तोल गेला, खाली बसली. नवखी माणसं बसतातच. पण बसलेलं माणूस तिथंच राहतं, मग उठतं. वर्षाराणी थांबलीच नाही. प्लॅस्टिक आणि बर्फ, दोघांच्या अंगाला धरबंध नाही. मी जो सुटलो, ते थेट उताराच्या तळाला, मक्याची कणसं भाजणाऱ्याच्या शेगडीपाशी.

"ब्रेक मार की गंऽऽ!" वरून आवाज.

ब्रेक कुठं असतो हो रेनकोटाला? तिला परत वर चढवलं. परत उभी राहिली, परत पडली, परत मी तिला कणीसवाल्याकडं पोचती केली. तो तर तिसऱ्या वेळी कणीस तयार ठेवूनच उभा. मग बाळासो दाखवायला निघाले की हे कसं करतात. ते पाठीवर पडले आणि निळा भाऊ त्यांना गरागरा फिरवत घेऊन गेला. डोळ्यावर वेल्डिंगचा गॉगल, त्यातून भर दुपारी अंधार, आणि "आई आईऽ" अशी हाक. एका तट्टाच्या पायांपाशी जाऊन थांबले. तट्टू दोन पावलं मागं सरकलं.

लोक हसले. हसू देत. पण आत काय चाललं होतं ते मला एकट्याला ठाऊक. चढून चढून वर्षाराणीला घाम फुटला होता. तो बाहेर जाईना. माझ्या पोटाशी त्याचं पाणी झालं आणि परत तिच्याच स्वेटरांत मुरलं. बाहेरचा एक थेंब मी आत येऊ दिला नाही, हे खरं. आतलाही बाहेर जाऊ दिला नाही. दुपार कलली तशी ती इतकी कापायला लागली की तिचे दात वाजत होते.

पोरगा म्हणाला, "आज बस. भाभीजी, कल किराये का सूट लेके आइये. नहीं तो मैं ऊपर नहीं ले जाऊँगा."

शिकवणीचा एकच दिवस उरला होता.

खोलीवर आल्यावर बाळासोंनी मला शेगडीपुढं वाळत घातलं. माझी डावी बाही आक्रसून भज्यासारखी झाली. वर्षाराणी दुलईत बसून चहा घेत होती. म्हणाली, "उद्या मी भाड्याचा सूट घेतो."

"येडी का काय? कुणाकुणाच्या घामाचं असतंय ते! अंगुळ तरी केलती का त्यांनी?"

"या घरात आल्यापासनं समद्यांच्या घामाचं धुतोयच की मी. एक दिस घातलं तर काय झालं?"

बाळासोंनी माझी आक्रसलेली बाही ओढून सरळ करून बघितली. मग बारीक आवाजात म्हणाले, "अमरसिंह काय म्हणंल? दाजीला कपडं घेता आलं न्हाईत म्हणंल की."

"म्हणू दे. तुमास्नी त्यो काय म्हणतोय ते बघायचंय. मला उभ्यानं खाली यायचंय. एकदा."

एवढं बोलून तिनं कप खाली ठेवला. माझी घडी घातली ती बाळासोंनी, आणि फार सावकाश घातली.

दुसऱ्या दिवशी तिनं निळसर रंगाचा भाड्याचा सूट घातला. कोपरावर घासलेला, खांद्यात सैल. दिसायला माझ्यापुढं अगदी फिका. मला बाळासोंनी काखेत मारून आणलं होतं, "लागला तर असावा" म्हणून. लागलो. ते माझ्यावर बसले, बूड ओलं होऊ नये म्हणून.

ती पहिल्यांदा पडली आणि जिथं पडली तिथंच राहिली. मला जरा लाज वाटली, खोटं कशाला बोलू? ती उठली. बर्फ झटकलं. परत पडली, परत उठली. दुपारपर्यंत हेच. मग पोरगा तिला वर घेऊन गेला आणि तिथं तिचा हात सोडला.

गुडघे वाकवून, चुलीपुढं उभी राहायची तशीच ती निघाली. मधे एकदा डगमगली. बाळासोंनी माझी कड मुठीत अशी आवळली की मी तिथं टरकन फाटलो. वजन डावीकडं, वजन उजवीकडं, आणि आली की हो खाली! उभ्यानं! अमरसिंहनं शिट्टी मारली.

बाळासो उठून उभे राहिले. कुस्तीच्या मैदानात ओरडतात तसे ओरडले, "हाण्ण तेच्या! शाब्बास!" आणि शेजारच्या सरदारजीला म्हणाले, "हमारी मिसेस है. ट्रेनिंग हमारा है."

वर्षाराणी जवळ आली. चेहरा लालबुंद, श्वास फुललेला. बाळासोंना वाटलं, आता बसेल. त्यांनी तिच्यासाठी माझ्यावर जागा केली. ती बसली नाही. म्हणाली, "अहो, थांबा इथंच. मी परत वर निघालो."

ती गेली. बाळासो तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडं बघत राहिले. मग अमरसिंहची नजर चुकवून भाड्याच्या दुकानाकडं चालू लागले. तिथून त्यांचा आवाज आला, पहिल्यांदाच जरा हळू. "भैया, मेरे मापका मिलेगा क्या?"

मला कुणी उचललं नाही. बर्फावर पडून होतो तिथून तट्टूवाल्यानं नेलं. आता मी त्याच तट्टाच्या खोगिरावर अंथरलेला असतो. बाही भाजलेली, कड फाटलेली, पण पाणी अजून आत जाऊ देत नाही. उन्हाळ्यात इथंही थोडा पाऊस येतो. गगनबावड्याच्या माणसाला तो शिंतोडाच वाटेल, पण माझं भागतं.

माझ्यावर बसायला सगळ्या मुलखांतली माणसं येतात. कधी पिवळा, कधी निळा भाऊबंदही येतो, कुणाच्या तरी बायकोच्या अंगावर. तिचा नवरा मोठ्यानं सांगत असतो की किती स्वस्तात मिळाला, आणि ती बाई उताराकडं बघत असते.

पावणं, स्वस्तात घ्यायला माझी ना न्हाई. मीही स्वस्तच आहे. फक्त दुकानात उभे असाल तेव्हा, ज्याच्या अंगावर ते कपडं चढणार आहे त्याला बोलायला तोंड फुटलं, तर त्याचं वाक्य तेवढं पुरं होऊ द्या. येतो आता. कोण तरी जड गिऱ्हाईक चढतंय.