खांबाचा पाय

पायाला भिंगरी बांधल्यासारखी ती सकाळपासून फ्लाइंग क्लबच्या लांबट खोलीत येरझारा घालत होती. खुर्चीत बसली की उठावंसं वाटे, उठली की खिडकीशी जावंसं वाटे, आणि खिडकीतून दिसायचं काय, तर धावपट्टी आणि तिच्यावर पसरलेली धुरकट हवा, पिळलेल्या पण न वाळलेल्या चादरीसारखी. उद्या तिला एकटीनं जायचं होतं. बाजूच्या सीटवर कॅप्टनबाई नाहीत, कानात त्यांचं "हं, पुढे?" नाही. नकाशावरच्या दोन गावांना वळसा घालून परत यायचं, बस्स. पण त्या बस्समध्येच तिचा जीव टांगलेला होता.

क्लबमध्ये तिला सगळे कात्री म्हणत. थोरल्या बहिणीच्या शिवणखान्यात कापड बेतायचं काम ती लहानपणापासून करत आलेली. आईवडिलांमागे ताईनंच तिला वाढवलं, आणि विमानाचं खूळ डोक्यात शिरलं तेव्हा ताईनं कपाळावर हात मारून का होईना, पण जाऊ दिलं. एक अट मात्र घातली. गणवेशांचा हंगाम लागला की टेबल सोडून कुठं जायचं नाही. हंगाम पुढच्या आठवड्यावर आला होता. म्हणजे उद्या उडाली तर उडाली, नाहीतर हंगाम उतरेपर्यंत हातात कात्रीच. आणि तेवढ्यात हात विसरतात. हात विसरलेल्याला कॅप्टनबाई पुन्हा पहिल्या पायरीवर आणून बसवतात, हे तिनं दोघांच्या बाबतीत बघितलं होतं. त्यातला एक पुन्हा क्लबमध्ये आलाच नाही.

नकाशा पहिल्यांदा समोर उलगडला तेव्हा तिला हसूच आलं होतं. हा तर कागदी बेत! तुटक रेघा, खाचा, बाण, आकडे. फरक एवढाच की इथं चुकलं तर उसवून पुन्हा शिवता येत नाही. खुणा काही केल्या ध्यानात राहीनात, तेव्हा तिनं तिच्या पद्धतीनं त्यांना ओळींत ओवलं. शिवणखान्यात बायका काम करता करता गुणगुणतात, त्या चालीवर:

गोलाला फुटले चार दात, तेल मिळेल त्याच्या दारात.
डोक्यावर बसली चांदणी, अंधारात दिवा अंगणी.
निळ्या कडेशी थांब जरा, आधी हाक, मग उंबरा.
काटेरी काठाचं कुंपण, आत कधी ना जावं आपण.

कॅप्टनबाईंनी एकदा ऐकलं आणि चष्म्यावरून बघत म्हणाल्या होत्या की परीक्षक गाणं ऐकत नाही, उत्तर ऐकतो. पण ओठांचा कोपरा हलला होता.

एकाच खुणेला गाणं जमलं नव्हतं. उंच खांबाच्या खुणेला. टिंबावर टोपी ठेवल्यासारखी ती खूण, आणि शेजारी दोन आकडे, एक मोकळा, एक कंसात. मोकळा आकडा म्हणजे खांबाचा शेंडा समुद्रापासून किती उंच, कंसातला म्हणजे तो जमिनीपासून किती उंच. पाठ होतं तिला. पण आकडे काही चालीत बसेनात, म्हणून तिनं मनाशी सरळ हिशेब बांधला होता. समुद्र कुठं, आपण कुठं! आपल्याला जमिनीशी काम. धावपट्टीची जमीन बाराशे फुटांवर. त्यात कंसातला आकडा घालायचा, वर हजाराची मोकळीक ठेवायची, झाली आपली उंची. टेबलाच्या कडेपासून माप धरायचं, हीच तिच्या हाताची सवय. ताईनं शिकवलेली. कडा पक्की असली की माप चुकत नाही.

क्लबमध्ये एक रीत होती. कुणीही एकट्यानं निघायचं तर त्याचा नकाशा आधी दुसऱ्या विद्यार्थ्यानं बघायचा, मग कॅप्टनबाईंनी. याला सगळे 'दुसरी नजर' म्हणत. आज सकाळी तिनं डेपोदादाचा नकाशा बघितला होता. डेपोदादा म्हणजे अर्धं आयुष्य बस चालवलेला माणूस. निवृत्त झाला आणि घरात बसून बायकोचा जीव खायच्या ऐवजी इथं येऊन कॅप्टनबाईंचा खायला लागला, असं तोच सांगे. त्याचा मार्ग आज तोच, जो तिचा उद्या. डोंगराच्या अंगावरून पहिली सरळ रेघ जायची, आणि त्या रेघेखालीच एक खांब. डेपोदादानं उंचीचा रकाना कोरा ठेवला होता. कंसाचं कोडं त्याला उलगडेना.

"कात्री, तुझं डोकं आकड्यांत चालतं. सांग की."

तिनं सांगितलं. बाराशे, पाचशे साठ, हजार. दोन हजार आठशे धरा, म्हणाली. आणि त्याची रेघ अगदी फिकट होती म्हणून स्वतःच्या जाड पेन्सिलीनं ती गिरवूनही दिली. तो खूश झाला. असा रस्ता दिसला पाहिजे, नाहीतर ते मुंगीचे पाय कोण बघणार, म्हणाला. तिनं कोपऱ्यात बरोबरची टीक केली. कॅप्टनबाईंना इंधनाच्या टाकीवाल्याचा फोन आला होता, त्यांनी फोन खांद्याशी धरून टीक बघितली आणि खाली सही ठोकली. डेपोदादा गेला.

आता ती स्वतःचा नकाशा घेऊन बसली. म्हणजे बसली, उठली, परत बसली. पेन्सिलीची रेघ तिला वाकडी वाटली. कापड असो की कागद, वाकडी रेघ तिला सहन होत नसे. खोडरबर घेतला, रेघ पुसली. काजळीसारखी भुकटी फुंकून टाकली.

आणि जाड रेघेखालून एक बारीक तपकिरी रेघ वर आली.

ती वाकली. तपकिरी रेघ म्हणजे सारख्या उंचीची जमीन, तेही पाठ होतं तिला. त्या रेघेवर अगदी इवल्या अक्षरांत आकडा होता. दोन हजार चारशे. अलीकडे नकाशाचा रंग हिरवा, पलीकडे पिवळसर, म्हणजे जास्त उंच. आणि टोपी घातलेलं ते टिंब पिवळ्या बाजूला उभं.

खांब टेबलाच्या कडेला उभा नव्हता. डोंगराच्या खांद्यावर उभा होता.

तिनं मोकळा आकडा आज पहिल्यांदा खरा वाचला. तीन हजार पन्नास. डेपोदादाची उंची दोन हजार आठशे. पाय आपोआप पळाले.

रेडिओच्या खोलीत कॅप्टनबाई नव्हत्या, त्या विमानांच्या शेडमध्ये गेल्या होत्या. रेडिओवाले काका एकटे चहात बिस्कीट बुडवत बसले होते. तिनं धापा टाकत सांगितलं की डेपोदादाला हाक मारा, वर चढायला सांगा, चार हजार शंभरपर्यंत, आत्ता. काकांनी काय झालं ते विचारलं नाही. तिचं तोंड बघितलं आणि माइक ओढला. हाक मारली. पुन्हा मारली. उत्तराच्या जागी नुसती खरखर, तव्यावर मीठ टाकल्यासारखी. डोंगराआड गेला असेल, काका म्हणाले, तिथं आवाज पोचत नाही, दर वेळी असंच होतं. बिस्कीट चहात विरघळून तळाशी गेलं तरी त्यांनी माइक सोडला नाही.

ती दारात आली, आत गेली, पुन्हा दारात आली. उभं राहवेना, बसवेना. शेडकडे एका मुलाला पाठवलं, की कॅप्टनबाईंना बोलवून आण. नखं कुरतडायची सवय तिला नव्हती, आज लागली. धुरकट हवेत कान लावून ती एकच आवाज शोधत होती, आणि रस्त्यावरचा प्रत्येक ट्रक तिला विमान वाटत होता. तिला डेपोदादाची बायको आठवली. एकदाच भेटलेली, जाड भिंगांचा चष्मा, नवऱ्याला डबा द्यायला आलेली. आमच्या ह्यांना सांभाळा हं, म्हणाली होती. हसत म्हणाली होती.

आणि मग तो आवाज आला. आधी चिलटासारखा, मग भुंग्यासारखा, मग धुक्यातून नाक बाहेर काढणारं ते पांढरं विमान. टेकलं. उडालं. पुन्हा टेकलं. डेपोदादाचं उतरणं नेहमी असंच, स्पीडब्रेकर लागल्यासारखं.

ती भिंतीला धरून तिथंच उभी राहिली.

तेवढ्यात कॅप्टनबाई आल्या, आणि विमानातून उतरणाऱ्या डेपोदादाला त्यांनी तिथंच धरलं. तो इतक्या उशिरा का आला, हे त्यांना विचारायचं होतं. डेपोदादानं खरं ते सांगितलं. धुरकट हवेत पुढचं दिसेना. खाली बघितलं तर रस्ता. डोंगराला वळसा घालून जाणारा, ओळखीचा. मग रेघ सोडली आणि रस्ता धरला.

"तुम्हाला रेघेवर राहण्यासाठी पाठवलं होतं मी," कॅप्टनबाई म्हणाल्या. "रस्ता काय, बैलालाही सापडतो. आजचं उड्डाण धरत नाही. पुन्हा माझ्याबरोबर बसायचं, पहिल्यापासून."

डेपोदादानं मान खाली घातली. इतका मोठा माणूस, टोपी हातात घेऊन शाळेतल्या मुलासारखा उभा. त्याला खांब दिसलाच नव्हता. तो कशातून वाचला हे त्याला माहीत नव्हतं. कॅप्टनबाईंनाही नव्हतं. रेडिओवाल्या काकांनी खिडकीतून तिच्याकडे एकदा बघितलं आणि नजर काढून घेतली. त्यांचं काम हाक मारायचं, ते त्यांनी केलं होतं.

कात्रीच्या मनात तेव्हा काय काय येऊन गेलं! माणूस तर सुखरूप आला. झाकली मूठ सव्वा लाखाची. आपली चूक आपण पकडली, उद्या आपण बरोबर उंचीवर जाऊ, मग हंगाम लागो नाही तर काही होवो. डेपोदादा काय, चार फेऱ्या जास्त मारेल, त्याला कुठं गणवेश शिवायचेत! हे सगळं तिनं ऐकलं, जसं शेजारच्या टेबलावरचं बोलणं आपण ऐकतो. आणि ऐकता ऐकताच तिचे पाय पुढे गेले होते.

"बाई, त्यांनी रेघ सोडली म्हणून ते परत आले," ती म्हणाली. "रेघ माझी होती. उंचीही माझीच."

मग तिनं तिथंच, विमानाच्या पंखावर डेपोदादाचा नकाशा पसरून दाखवलं. खांब, त्याच्या पायाखालची जमीन, आपली बाराशेची कडा, चुकलेली बेरीज. कॅप्टनबाईंनी चष्मा काढला, पुसला, लावला. खाली त्यांची स्वतःची सही होती. तिच्यावर त्यांनी बोट टेकवलं.

"डेपो, तुमचं आजचं धरलं," शेवटी त्या म्हणाल्या. "रस्ता पकडलात ते शहाणपणाचं केलंत. नाही दिसलं तर जे दिसतं ते धरायचं." मग तिच्याकडे वळल्या. "तू उद्या जायचं नाहीस."

"बाई, आता मला येतंय की."

"येतंय. तासाभरापूर्वीही तुला येतच होतं."

हंगामाचं सांगावं असं जिभेवर आलं, पण ते सांगून काय होणार! कॅप्टनबाईंना ते ठाऊक होतंच. त्यांनी हलकेच जोडलं की ती टीक बघून सही करणारा हातही त्यांचाच, आणि त्याबद्दल त्या स्वतः क्लबच्या मंडळापुढे बोलणार आहेत. मग नकाशाची घडी न घालताच त्या निघून गेल्या.

डेपोदादा मात्र हलला नाही. त्याचा चेहरा हळूहळू पांढरा पडत गेला होता. एखाद्याला उशिरा हिशेब लागावा तसा.

"मी तुझी टीक बघून गेलो होतो, कात्री," तो म्हणाला.

ती माफ करा म्हणाली. तो टोपी डोक्यावर घालून फाटकाकडे चालू लागला. नेहमी जाताना काहीतरी चेष्टा करून जाणारा माणूस आज मुकाट्यानं गेला. फाटकाशी थांबून त्यानं खिशातून फोन काढलेला तिला लांबून दिसला. बायकोलाच लावला असणार, कारण तो एकदम खूप मोठ्यानं, निघालो गं, निघालो, असं बोलत होता.

ती खोलीत परतली. घरी जावंसं वाटेना, थांबवेना. टेबलावर स्वतःचा नकाशा पसरला, बारीक टोकाची पेन्सिल घेतली, आणि मार्गावरचा एकेक खांब धरून मोकळ्या आकड्यातून कंसातला वजा करत त्याच्या पायाशी जमीन लिहू लागली. हा इतक्यावर उभा. हा तितक्यावर. एकही दुसऱ्यासारखा नाही. प्रत्येकाची कडा वेगळी. ओठ आपोआप हलले, चाल शोधू लागले, पण ओळ काही आली नाही, आणि तिनंही ती ओढून आणली नाही.

ताईचा फोन आला तेव्हा खिडकीबाहेरची हवा तांबूस झाली होती. मागे मशीनची घरघर. ताईनं आधी उशिराबद्दल झापलं, मग विचारलं की उद्या किती वाजता निघणार, कधी परत येणार.

"उद्या नाही जात मी, ताई," ती म्हणाली, आणि सगळं सांगितलं. काही वगळलं नाही. टीकसुद्धा, आणि मनात आलेली झाकली मूठसुद्धा. बोलता बोलता ती उभी राहिली, खोलीभर चालत राहिली.

पलीकडची घरघर थांबली. ताईनं पाय उचलला होता. तिला वाटलं, आता येणार, 'मी म्हणत नव्हते का' येणार.

"तो माणूस नीट घरी पोचला का?" ताईनं विचारलं.

"पोचला असेल. निघाला तर होता."

"असेल नको. विचार त्याला."

तिनं ताईला थांबवून ठेवून रेडिओवाल्या काकांच्या फोनवरून डेपोदादाला लावला. उचलला त्याच्या बायकोनं. मागून भांड्यांचा आवाज येत होता. हो, आत्ताच आले, हातपाय धुतायत, का गं, काही राहिलं का तिथं?

"नाही," ती म्हणाली. "काही नाही राहिलं."

मग स्वतःचा फोन कानाला लावून तिनं ताईला सांगितलं की पोचला.

"मग तू पण ये," ताई म्हणाली.