कात्रीकाकांचं सिंहासन

मी एक जुनं सिंहासन आहे. हसू नका, मित्रांनो! माझ्या हातांना सोनेरी कागद आहे, पाठीवर लाल मखमल आहे. मखमलीखाली काळं रेक्झिन आहे, पण ते उचलून बघायची काही गरज नाही. बरं, सांगूनच टाकते. जन्माने मी केस कापायच्या दुकानातली खुर्ची.

माझा पाया ओतीव लोखंडाचा. मला दुकानात चढवताना चार जणांची कंबर धरली होती. पायाखालचा दांडा दाबला की मी वर जाते, आणि ढकललं की गर्रकन फिरते. माझे मालक म्हणजे कात्रीकाका. त्यांचं खरं नाव विचाराल तर त्यांच्या बायकोलाही क्षणभर थांबावं लागतं. एकतीस वर्षं ते माझ्या पाठीमागे उभे राहिले. पहिलं जावळ काढायला आलेली पोरं पुढे नवरदेव होऊन माझ्यावर बसली. काका मात्र कधीच बसले नाहीत. गिऱ्हाईक नसलं तरी ते बाकावर बसून पेपर वाचायचे. "ती जागा गिऱ्हाइकाची," म्हणायचे. मग दुकानात एक नवी, मऊ गादीची खुर्ची आली आणि लोकांना माझं रेक्झिन टोचायला लागलं. माझ्यावर टॉवेल वाळू लागले. वाईट वाटलं. का वाटू नये?

काकांना नाटकाचं भारी वेड. आमच्या गल्लीतल्या हौशी मंडळात वीस वर्षं ते दाढ्या चिकटवत आले, टोप बसवत आले. रंगमंचावर पाऊल कधी पडलं नाही. दरवर्षी विनोदी नाटक व्हायचं. यंदा दिग्दर्शिका बाईंनी, म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या आमच्या भाषेच्या बाईंनी, टेबलावर हात आपटला आणि शंभर वर्षांपूर्वीचं राजाचं नाटक काढलं. शेवटी म्हातारा राजा मुलाला राज्य सोपवतो आणि एक लांबलचक भाषण करतो, असं ते नाटक. त्या भाषणातलं एकेक वाक्य अकरा ओळींचं!

"बाई, थोडं सोपं करू या का?" पोस्टमास्तरांनी विचारलं. ते राजा होणार होते.

"एक शब्द बदलायचा नाही. अर्थ कळत नसेल तर पाठ करा. पाठ झालं की कळतो."

पोस्टमास्तरांनी इतक्या जोरात पाठ केलं की त्यांचा घसाच बसला. डॉक्टर म्हणाले, दोन महिने तोंडातून शब्द काढायचा नाही. आता राजा कुठून आणायचा? तेव्हा दाढीचा डिंक कालवत बसलेले कात्रीकाका हळूच म्हणाले, "मी करून बघू?"

मंडळी एकमेकांकडे बघायला लागली. बाईंनी काकांकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "करा. पण हे जमलं नाही तर पुढच्या वर्षी हे सगळे मला पुन्हा सासू-जावयाच्या नाटकावर नेऊन बसवतील, लक्षात ठेवा."

काकांनी दुकानात तालीम सुरू केली. कात्री चालायची आणि तोंडही चालायचं. "हे राजदंडा, तुझ्या भाराने वाकलेला हा बाहू आता विसावा मागतो..." कचकच, कचकच. गिऱ्हाइकाला कानाजवळ केस कमी हवेत की जास्त, हे सांगायचीही सोय उरली नाही. महिन्याभरात भाषण त्यांच्या जिभेवर असं बसलं की काय सांगू! मलाही पाठ झालं.

मग सिंहासन हवं म्हणून माझी वरात निघाली. चार जणांनी मला सभागृहात नेलं, मखमल चढवली. पहिल्याच तालमीत काका ऐटीत माझ्यावर बसले, मी गर्रकन फिरले आणि महाराज भिंतीकडे तोंड करून दरबाराला आज्ञा देऊ लागले. सगळे पोट धरून हसले. सुताराने माझ्या पायात पाचर ठोकली. पण खरी पंचाईत पुढेच होती. बसल्या बसल्या काका भाषण साफ विसरायचे.

"दुकानात तर घडाघडा म्हणता म्हणे!" बाई वैतागल्या.

"तिथे येतं हो बाई. इथे डोकं कोरी पाटी होतं."

अहो, येणार कसं? हा माणूस आयुष्यभर उभ्याने बोललाय, समोर कुणाचं तरी डोकं असताना! मला सगळं कळत होतं, पण मला तोंड कुठे आहे?

रविवारी दुपारी चारला प्रयोग लागला. सभागृह गच्च भरलं. आडपडद्यामागे वही घेऊन, आठवण करून द्यायला पोस्टमास्तर बसले. ही मंडळाची अक्कल बघा. ज्याला सगळं नाटक पाठ, त्यालाच बोलायची बंदी!

पहिले अंक बरे गेले. शेवटचा आला. काका माझ्यावर बसले. शेजारी राजपुत्र उभा, म्हणजे आमचा बेकरीवाला. त्याला या प्रवेशात एकही वाक्य नव्हतं, त्यामुळे तो खुशीत होता. काकांनी हात उचलला. तोंड उघडलं. शब्द नाही. त्यांच्या तळव्याचा घाम माझ्या सोनेरी कागदात मुरला. पोस्टमास्तर ओठ हलवत होते, पण आवाज फुटेना. काकांची वीस वर्षं तिथे वाया चालली होती.

तिसऱ्या रांगेतून एक गिऱ्हाईक न राहवून म्हणालं, "हे राजदंडा..." मागून चार-पाच जणांनी पुढचं वाक्यही म्हटलं. लोक फिदीफिदी हसले. काकांनी मान वर केली. समोर सगळी त्यांनीच कापलेली डोकी! मग त्यांनी शेजारी पाहिलं. बेकरीवाल्याचा टोप एका कानावर आला होता.

काका उठले. त्यांनी राजपुत्राला दंडाला धरून माझ्यावर बसवलं. खांद्यावरची शाल झटकली आणि त्याच्या गळ्याभोवती नीट गुंडाळली. पाय आपसूक दांड्यावर गेला. कुई, कुई, कुई करत राजपुत्र वीतभर वर आला. सभागृह हसून लोळलं. काकांना ते ऐकूच गेलं नाही. ते माझ्या पाठीमागे उभे राहिले, टोप सरळ केला आणि सुरू झाले.

अकरा ओळींचं वाक्य ते एका दमात म्हणून गेले. हसू विरलं. पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी चष्मा काढून डोळे पुसले. भाषण संपलं तेव्हा काकांनी बेकरीवाल्याच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवले आणि नाटकात नसलेलं एक वाक्य बोलले.

"मान सरळ ठेव, बाळा."

बेकरीवाला मोठा आडदांड गडी, पण ढसाढसा रडला. पडदा पडला तरी टाळ्या थांबेनात. आडपडद्यामागे बाईंनी पोस्टमास्तरांच्या हातातली वही ओढून घेतली, पेन्सिल काढली आणि ते वाक्य राजाच्या भाषणाखाली लिहून टाकलं.

गर्दी ओसरली. काका सवयीने टोप गोळा करायला लागले, तर बाईंनी ते त्यांच्या हातातून काढून घेतले. "मी करते. तुम्ही बसा."

"कुठे?"

"बसा म्हणते ना!"

काका माझ्यावर बसले, पाठ टेकून, डोळे मिटून. त्यांना उगाच हलवायला नको म्हणून मी जराही कुरकुरले नाही. मित्रांनो, वर्षानुवर्षं तुमच्यासाठी उभं असलेलं कुणीतरी तुमच्याही घरात असेल. आज घरी जाल तेव्हा त्यांना खुर्ची द्या, आणि ते उठायला लागले तर उठू देऊ नका.