चालू आहे

डॉक्टर मॅडम बाबांचं उत्तर घ्यायला यायच्या होत्या, आणि नेमका त्याच सकाळी बाबांचा लॅपटॉप सुरू होईना.

लॅपटॉप बंद म्हणजे बाबा मुके. बाबा न्हावी. अख्खा जन्म सलूनमध्ये उभं राहून काढला, आणि त्यांच्या कात्रीपेक्षा त्यांची जीभच जास्त चालायची. दाढी होऊन गेली तरी गिऱ्हाईक खुर्ची सोडायचं नाही. मग स्नायू झिजत जाण्याचं दुखणं मागे लागलं. आधी हात गेले, मग पाय, मग ती जीभही गेली. उजव्या हाताचं एक बोट तेवढं उरलं. त्या बोटाखाली मोठं गोल बटण असायचं. स्क्रीनवरच्या अक्षरांवरून एक पिवळी चौकट सरकत जायची, हव्या त्या अक्षरावर आली की बाबा बटण दाबायचे, आणि वाक्य जुळलं की लॅपटॉप ते मोठ्यानं म्हणून दाखवायचा. आवाज असा कोरडा ठणठणीत, की बाबांनी त्याचं नाव 'साहेब' ठेवलं होतं.

आज साहेबांनी तोंड उघडलं नव्हतं. स्क्रीन काळीठिक्कर.

चिमीनं चार्जर काढून पुन्हा लावला. दुसऱ्या खोलीतल्या सॉकेटमध्ये लावून पाहिला. बटण नुसतं दाबलं, मग दाबून धरलं, मग रागानं दाबलं. चार्जरपाशी छोटा दिवा लागत होता, पुढे काही नाही. ती खिडकीपाशी गेली, रस्त्यावर डॉक्टरांची गाडी दिसते का ते पाहिलं, परत आली आणि पुन्हा तेच बटण दाबलं.

चिमी ही बाबांची धाकटी. चष्म्याच्या दुकानात कामाला होती. बाबांसाठी लांबलचक रजा काढून घरी बसली होती. बसली म्हणायचं एवढंच, एका जागी ती फारशी कधी बसलीच नाही. गेल्या काही दिवसांत तर मुळीच नाही. बाबांना श्वास कमी पडायला लागला होता. गळ्याला छेद देऊन नळी बसवायची आणि श्वासाचं मशीन लावायचं की नाही, हे आज ठरायचं होतं. हो की नाही ते बाबांनी बोटानंही सांगितलं असतं. पण डॉक्टर मॅडम म्हणाल्या होत्या, "असल्या गोष्टीत नुसतं हो-नाही मला पुरत नाही. त्यांच्या मनात शंका असतील. त्या त्यांच्याकडूनच ऐकायच्यात मला, मुलांकडून नाही."

दादाचं ठरलेलं होतं. परगावी राहून तो रोज फोनवर तेच सांगायचा: नळी बसवायचीच. चिमीला मात्र बाबा 'नको' म्हणतील याची जवळजवळ खात्री होती. त्या 'नको'ची तिला धास्ती वाटायची, आणि त्या धास्तीच्या तळाशी थोडंसं हायसंही वाटायचं. ते हायसं वाटणं लक्षात आलं की ती उठून काहीतरी पुसायला, आवरायला घ्यायची.

तिनं दादाला फोन लावला आणि तो स्पीकरवर ठेवला.

"बटण अर्धा मिनिट दाबून धर," दादा म्हणाला.

"धरलं. सोडून परत दाबलंही."

"बाबांचं ते गोल बटण काढून बघ. कधीकधी बाहेरचं काहीतरी लावलेलं असलं की अडतं."

"काढलं. तरी अंधारच."

"मग गेला तो. चिमे, ऐक. डॉक्टरांना सरळ सांग की बाबांचा होकार आहे. बाबा बोट वर करतील. काय बाबा?"

बाबांचं बोट हललं नाही. डोळे मात्र चिमीवर रोखलेले होते. ते लॅपटॉपकडे जायचे, परत तिच्याकडे यायचे, परत लॅपटॉपकडे.

"त्यांना काहीतरी सांगायचंय," चिमी म्हणाली. लॅपटॉप येण्याआधीची जुनी पद्धत तिला आठवत होती, आपण एकेक अक्षर विचारत जायचं आणि बरोबर आलं की बाबांनी बोट वर करायचं, पण त्यासाठी लागणारा धीर आज अंगात नव्हता. ती एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर टाकत भराभर म्हणू लागली, "क-ची ओळ? च-ची ओळ?"

बोट वर झालं.

"च? च-ला काना? चा. पुढे? य-ची ओळ? य, र, ल... ल? ल-ला उकार? ऱ्हस्व? दीर्घ? चालू!" तिचा तोल सुटला. "बाबा, चालूच करतेय ना मी मघापासून! दुसरं काय करतेय?"

बाबांनी डोळे मिटून घेतले. रुसले की ते असंच करायचे. पूर्वी रागावले की अर्धा तास बोलत राहायचे, आता डोळे मिटायचे.

फोनमधून दादा म्हणाला, "ओरडू नकोस गं त्यांच्यावर."

"तू ये ना मग इथे, आणि तू नको ओरडूस!"

चिमीनं ओढणीनं कपाळ पुसलं आणि पहिल्यांदाच बाबांच्या खुर्चीजवळचं स्टूल ओढून त्यावर बसली. "चुकलं माझं. उघडा डोळे. चालू... पुढे काय?"

डोळे उघडले. या वेळी तिनं घाई केली नाही. आ. मग ह. ह-ला मात्रा.

"आहे," ती पुटपुटली. "चालू आहे?"

बोट वर.

तिनं लॅपटॉपला कान लावला. आतून बारीक घरघर येत होती. आतला पंखा फिरत होता. बाबा त्याच्या शेजारी बसून मघापासून ती ऐकत होते, आणि येरझाऱ्या घालणाऱ्या चिमीला ती ऐकूच आली नव्हती.

"दादा, अरे पंखा फिरतोय!"

"मग नुसती स्क्रीन गेली असेल. टॉर्च मार तिच्यावर, तिरका."

मोबाईलच्या उजेडात काळ्या काचेमागे पुसट, पाण्याखाली बुडाल्यासारखी पासवर्डची चौकट दिसली. चित्र होतं, त्यामागचा उजेड तेवढा गेला होता. चिमीनं टॉर्च एका हातात धरून दुसऱ्या हातानं पासवर्ड टाकला, एकदा चुकला, पुन्हा टाकला. मग लॅपटॉप टीव्हीला जोडायची वायर शोधायला तिनं अख्खं कपाट जमिनीवर ओतलं. तेवढ्यात दारावरची बेल वाजली. दार उघडून तिनं डॉक्टर मॅडमना "बसा हं, एक मिनिट" म्हटलं आणि पुन्हा त्या पसाऱ्यात शिरली. शेवटी वायर सापडली. टीव्हीवर भलीमोठी अक्षरं उमटली आणि पिवळी चौकट त्यांच्यावरून चालू लागली. तिनं गोल बटण परत जोडून बाबांच्या बोटाखाली सरकवलं.

डॉक्टर मॅडमनी खुर्ची बाबांसमोर ओढली. "काका, घाई नाही. विचारा काय विचारायचं ते."

एकेक अक्षर जुळत गेलं. चिमी भिंतीला टेकून ओढणीचं टोक पिळत राहिली. मग टीव्हीच्या मोठ्या स्पीकरमधून साहेब असे गरजले की डॉक्टर मॅडम दचकल्या: "नळी बसवली की दाढी कोण करणार. मला कापलेलं चालत नाही."

डॉक्टर मॅडम हसल्या, पण उत्तर त्यांनी नीट दिलं. नळीभोवतीची काळजी, रात्रीची जागरणं, कफ काढणं, घराबाहेर पडणं, सगळं सांगितलं. मशीन लावल्यावर कधी नकोसं झालं तर तेही सांगता येतं, हेही सांगितलं. चौकट अक्षरांवरून रिकामीच फिरत राहिली.

मग साहेब म्हणाले, "बसवा."

चिमीला आधी वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. बाबा 'नको' म्हणतील म्हणून तिनं मनाची केवढी तयारी केली होती. ती सगळी तयारी आता कुठे ठेवायची ते तिला कळेना. फोनमधून दादाचा सुस्कारा ऐकू आला.

पण चौकट अजून चालत होती. "चिमीनं एकटीनं करायचं नाही. दिवसा माणूस ठेवा. ती कामावर जाईल. मुलाला सांगा, फोनवरून बाप सांभाळता येत नाही."

"मी फोनवरच आहे, बाबा," दादा हळू आवाजात म्हणाला.

"म्हणूनच सांगतो," साहेबांनी त्याच कोरड्या सुरात सुनावलं.

दादा त्याच आठवड्यात आला, आणि ऑपरेशननंतरही राहिला. कफ काढायचं मशीन हातात घेतल्यावर पहिल्यांदा त्यानं ते दोनदा खाली ठेवून पुन्हा उचललं, आणि चिमीला त्याची दया आली. दिवसा येणारी बाई मिळायला वेळ लागला. पहिल्या दोघी टिकल्या नाहीत. तिसरी बडबडी होती, ती बाबांना आवडली.

चिमी दुकानात परत गेली. गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्म्याची फ्रेम ठेवताना तिचं लक्ष मधूनच खिशातल्या मोबाईलकडे जायचं. बाबांनी बरं केलं की वाईट, हे तिला अजून ठरवता आलेलं नव्हतं. फोन वाजला की ती समोरच्या माणसाची फ्रेम तशीच तिरकी सोडून बाहेर पळायची. बहुतेक वेळा दादाच असायचा, औषधाची बाटली कुठे ठेवलीस म्हणून विचारायला.