काळ्या कापडाखालचा चेहरा

"आली! मेमे सेल्मा आली!"

काटुतुरा वस्तीतल्या चित्रकार मंडळाच्या छापखान्यात पाय ठेवायला जागा उरली नव्हती. प्रेषित एलागोंनी कोरा, ओला कागद सेल्माच्या छापयंत्रावरच्या काळ्या कापडावर ठेवून फिरवला, वर राख चोळली आणि गेल्या उन्हाळ्यात वारलेल्या सेल्माचा चेहरा कागदावर उमटला. तोच रुंद जबडा, तोच डोक्याचा रुमाल.

"शाई लावली मी? नाही! ठोकळा ठेवला? नाही!" एलागो गरजले. "आत्मा तळमळतोय! तिनं कोरलेल्या ठोकळ्यांत भुतं अडकलीत. सगळे माझ्या गाडीत भरा. समुद्रकाठी नेऊन जाळतो. पेट्रोलसुद्धा माझंच!"

सेल्माची मुलगी न्दामोना रडत रडत छपाईचे लिनोचे ठोकळे बाहेर नेऊ लागली. आईचं सारं आयुष्य त्यांत कोरलेलं होतं, आणि ती गेल्यापासून त्यांना चांगला भावही आला होता.

सगळे आईच्या मानानं मेमे म्हणत त्या पेनेहाफोच्या जिवाची नुसती घालमेल चालली होती. शनिवारी इथे मुलांना छपाई शिकवणारी ही निवृत्त शिक्षिका म्हणजे सेल्माची जिवलग. चेहरा तिनंही पाहिला होता. पण गाडीत ठोकळा आदळला की तिची नजर तिकडे वळायची. ती दाराबाहेर जाई, पुन्हा आत येई. शेवटी तिला राहवेना.

"ताते," ती एलागोंना आदरानं म्हणाली, "अजून एकदा फिरवू या. कागद मी ठेवते."

"आत्म्याची परीक्षा घेतेस, मेमे?"

"मैत्रिणीला भेटतेय. तुम्हाला का घाम फुटला?"

हशा पिकला. पेनेहाफोनं कागद मुद्दाम वीतभर बाजूला सरकवून ठेवला, चाक फिरवलं, राख चोळली. कागदाच्या कडेला एक डोळा, एक कान आणि अर्धं नाक!

"अगंबाई, अर्धीच आली?" मागून कुणीतरी म्हणालं.

"आत्मा रागावला!" एलागो ओरडले.

"रागावला तर येणारच नाही. नेमका कागद संपला तिथंच चेहरा कसा संपला?" पेनेहाफो वळली. "न्दामोना, ते कापड उचल."

सगळे चपापले. सभासद गेला की त्याच्या यंत्राच्या पाटावर काळं कापड अंथरायचं आणि त्याच्या चित्रांचं प्रदर्शन होईपर्यंत ते कापड हलवायचं नाही, ही मंडळाची रीत. आदल्या दिवशी एलागो याच खोलीत 'एकांतात प्रार्थना' करून गेले होते.

न्दामोनानं कापड उचललं. खाली पातळ पुठ्ठ्यातून कापून काढलेला आईचा चेहरा होता.

"ओला कागद मऊ असतो," पेनेहाफो वर्गात सांगावं तसं सांगू लागली. "वरून रोलर दाबतो, खाली पुठ्ठा. पुठ्ठा असतो तिथं कागद फुगून वर येतो आणि राख त्या उंचवट्यालाच लागते. माझी शनिवारची पोरंही हे करतील, ताते, आणि त्यांना गाडी लागणार नाही."

एलागो मागच्या मागे सटकू लागले. बायका गाडीला टेकून उभ्या राहिल्या. "आधी ठोकळे उतरवा!"

"मेमे, मला वाटलं, आई खरंच आली," न्दामोना हुंदका देत म्हणाली.

"मलाही वाटलं गं. तिची आठवण येते, म्हणूनच फसलो आपण. आठवण खुशाल येऊ दे. पण चमत्कार दिसला की आधी विचारायचं, हे घडलं कसं? उत्तर मिळेपर्यंत हातातलं काही सोडायचं नाही."

न्दामोनानं डोळे पुसले आणि गाडीतला पहिला ठोकळा स्वतःच उचलला.