दुरुस्ती मागे राहिली

“प्रिय खाडाखोड,” असं सुरू होणारं ते पत्र पाच महिने शब्दकोशात पडून होतं. छापखान्यात पस्तीस वर्षं मुद्रितं तपासलेल्या म्हाताऱ्याला या नावानं हाक मारणारा आता एकच उरला होता : पाण्याच्या टाकीवरचा ऑपरेटर, त्याचा शाळासोबती. पत्र दोन ओळींचं. “मी पाण्यात काही मिसळलेलं नाही. एवढं लिहून दे, तुझं लोक ऐकतात.”

उत्तर कुठल्या तोंडानं देणार? घोळ म्हाताऱ्यानंच घातला होता.

निवडणुकीच्या आठवड्यात फोनवर मजकूर आला. विरोधकांना मतं देणाऱ्या वस्तीच्या पाण्यात ऑपरेटर विष कालवतो म्हणे. सोबत त्याचा फोटो. म्हाताऱ्याचा तिळपापड झाला. छापखान्याच्या सवयीनं त्यानं गल्लीच्या ग्रुपवर आधी चुकीचा मजकूर जसाच्या तसा टाकला आणि त्याखाली दुरुस्ती : “हे साफ खोटं आहे.” कागदावर दोन्ही एकत्र राहायची. इथं ते दोन वेगळे मेसेज झाले. लोकांनी वरचा उचलला, खालचा जागच्या जागी राहिला.

संध्याकाळी तोच मजकूर फिरून त्याच्याकडे आला. वर नवी ओळ : “छापखान्यातल्या काकांनी तपासून पाठवलंय.”

“आजोबा, गाजलात की!” नात हसली. त्यानं फोन तिच्यापुढे धरला.

“सगळ्यांना कळव गं, खोटं आहे म्हणून.”

“कळवलं,” ती रात्री म्हणाली. “म्हणतात, काकांवर दबाव आलाय.”

तिसऱ्या दिवशी ऑपरेटरच्या खिडक्या फुटल्या, आठवड्यात नोकरी गेली. मग पत्र आलं. खरं सांगायचं धाडस म्हाताऱ्याला होईना. आज लिहू, उद्या लिहू करता करता निवडून आलेल्यांचा फलक टाकीवर लागला : “शुद्ध पाणी, आमची हमी.”

शेवटी एका सकाळी त्यानं लिहिलं. “तो मजकूर माझ्या हातून पसरला. तू काहीही केलेलं नाहीस. माझं चुकलं.” तीनदा तपासलं. टपाल कचेरीत खिडकीमागच्या कारकुनानं पत्ता वाचला.

“काका, इथे कुलूप आहे. कुठे गेले, पत्ता नाही. तो विषवालाच ना हा?”

“नाही. ते खोटं होतं.”

“असं कसं? तुम्हीच तर पाठवलं होतंत!” कारकुनानं पाकीट उलटं केलं. “मागे तुमचा पत्ता घाला. म्हणजे परत तरी येईल.”

म्हाताऱ्यानं सुवाच्य अक्षरात आपला पत्ता घातला आणि पत्र पेटीत टाकलं.